मी गूळ खाल्ला नव्हता

मी सातवी शिकलेली बाई. लग्नानंतर लिहिण्याची सवय सुटली, म्हणून अक्षर आणि वाक्य दोन्ही वाकडं पडेल. तरी लिहिते आहे, कारण ही बिमारी आमच्या धानाच्या मुलखात तरुण पोरींनाही होते हे पुष्कळांना अजून पटत नाही. मधुमेह म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पोट सुटलेला शेठ येतो. मला झाला तेव्हा माझ्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या.

औषधांचं ज्ञान मी सांगणार नाही, ते डॉक्टरांना विचारावं. माझ्यावर काय गुजरलं एवढंच सांगते.

चुरण्याच्या दिवसांत

माझं माहेर चामोर्शीचं. सतराव्या वर्षी लग्न होऊन सावलीला आले. नवऱ्याचं नाव आमच्याकडे बाया घेत नाहीत, पण इथे घोटाळा नको म्हणून घेते. नामदेव. त्यांची धान भरडायची गिरणी होती. घरात आम्ही दोघं आणि सासू. सासूला आम्ही आत्याबाई म्हणतो.

लग्नाला वर्ष व्हायच्या आत, धानाचं चुरणं, म्हणजे मळणी, चालू असताना मला तहान लागली. थंडीचे दिवस, खळ्यावर शेकोट्या पेटलेल्या, आणि मी पाण्याच्या गुंडाला, म्हणजे हंड्याला, तोंड लावून गार पाणी पीत होते. प्यायले की लगेच बाहेर जावं लागे. आले की पुन्हा तहान. जेवायलाही दुप्पट लागे, आणि अंगावरचं मांस मात्र दिवसेंदिवस उतरत चाललेलं.

"हे मानूस हाय का म्हशीचं पारडू?" आत्याबाई शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायच्या. "गुंडच्या गुंड पानी पेते, टोपलंभर खाते, अन् कामाले बोलावलं का बसून राह्यते."

मी बसत होते हे खरं. पाय उचलत नव्हते.

पहिल्यांदा त्यांना वाटलं बाहेरचं काही लागलं. मग वाटलं क्षय आहे. माझं ताट-वाटी वेगळी झाली, मी गोठ्याच्या बाजूला झोपू लागले. शेवटी गावातल्या एका जाणत्या म्हाताऱ्याला बोलावलं. त्यानं पोट दाबून पाहिलं आणि बिब्बा तापवून बेंबीभोवती डाग दिले. दोन बायांनी माझे हात धरले होते, पाय आत्याबाईंनी. मी ओरडले तेव्हा म्हातारा म्हणाला, "बोंबलू दे. आतलं बाहीर येऊन राह्यलं."

आतलं काही बाहेर आलं नाही. डाग मात्र भरून येईनात. त्यांत पू झाला, लुगडं चिकटायचं, सोडवताना सालपट निघायचं. एवढ्याशा जखमा का भरत नाहीत, हे कोणाला कळेना. एक दिवस मी चुलीपुढे बसल्या बसल्या ओकले आणि मला उठताच येईना. श्वास जोराजोरात चालू झाला. नामदेव गिरणीवरून धावत आले. त्यांनी बैल जुंपायला लावले, सडकेवर मोटार थांबवली आणि मला चांद्याला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. आत्याबाई सोबत होत्या. चामोर्शीला निरोप गेला, तसा माझा बा तिथे येऊन पोचला.

निळ्याचं लाल

चांद्याच्या डॉक्टरांनी आधी माझ्या तोंडाजवळ नाक नेलं. पिकून आंबलेल्या फळासारखा वास येत होता म्हणे. मग काचेच्या नळीत निळं औषध घेऊन त्यात माझ्या लघवीचे थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. निळं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि शेवटी विटकरीसारखं लाल. ती नळी त्यांनी नामदेवांच्या हातात दिली.

हे सगळं मला नंतर कळलं. मी शुद्धीवर आले तेव्हा अंगात सुया देऊन झाल्या होत्या आणि तहान गेली होती. इतकी साधी गोष्ट, तहान नसणं, पण मला रडू आलं.

डॉक्टर माझ्यासमोरच बोलले. "हिला रोज सुई घ्यावी लागेल. जन्मभर."

आत्याबाईंनी विचारलं, "जन्मभर म्हंजे किती वरसं?"

"सुई घेतली तर पुष्कळ. सोडली तर थोडे दिवस."

आत्याबाई व्हरांड्यात गेल्या. तिथे माझा बा, त्यांचा व्याही, उभा होता. त्याच्या तोंडावर त्या म्हणाल्या, "सडका माल देल्ला तुमी आमाले, इवाई. सांगून तरी द्याचं."

बा मोठ्या आवाजाचा माणूस, बैलबाजारात चारजणांना गप्प बसवणारा. त्यानं डोक्याचं फडकं काढलं, दोन्ही हातांत धरलं आणि मान खाली घातली. मी खाटेवरून दारातून पाहत होते. नंतर तो आत आला आणि माझ्या पायावरचं पांघरूण सारखं करत राहिला. ते सारखंच होतं.

सुईचं घर

सुई द्यायला नामदेव शिकले. गिरणीचे पट्टे-स्क्रू सांभाळणारा त्यांचा हात स्थिर होता. सकाळी पातेल्यात काचेची पिचकारी आणि सुई उकळायची, निववायची, औषध ओढायचं आणि मांडीत टोचायचं. सुई बोथट झाली की ते ती बारीक दगडावर घासत. औषधाची कुपी ओल्या वाळूच्या मडक्यात ठेवायची, नाहीतर उन्हाळ्यात नासते. नवी कुपी चांद्याहून मोटारच्या ड्रायव्हरबरोबर यायची. मोटार चुकली की आम्ही सडकेवर जाऊन बसायचो.

पातेलं आत्याबाईंनी चुलीवर येऊ दिलं नाही. अंगणात तीन दगड मांडून दिले. "मुताच्या बिमारीचं भांडं माह्या चुलीवर नोको."

आणि भात बंद. आमच्याकडे जेवलास का म्हणजे भात खाल्लास का. नवं धान भरडलं की अख्ख्या घराला वास सुटतो, गिरणीतून नामदेवांच्या कपड्यांना तो वास येई. मी ज्वारीची कोरडी भाकर आणि अंबाडीची भाजी घेऊन दुसरीकडे तोंड करून बसे.

ज्यांच्या घरी सुई चालू आहे त्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण आमच्या घरात ती कोणी समजून घेतली नाही. सुई घेतल्यावर जेवायला उशीर झाला तर अंगातली साखर एकदम उतरते. हातपाय कापतात, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. तेव्हा गूळ किंवा साखर ताबडतोब द्यावी लागते. चांद्याच्या डॉक्टरांनी हे सांगितलं होतं. आत्याबाईंना ते ढोंग वाटे.

"साखरेची बिमारी म्हनते, अन् साखरच मागते. वा गं वा!"

त्यांनी गुळाच्या डब्याला कुलूप घातलं. एका दुपारी मी त्या कुलपापुढे बसून ते ओढत होते. बोटांना कडी आणि कुलूप यांतला फरकही कळत नव्हता. आत्याबाई माझ्यामागे उभ्या राहून शेजारणीला दाखवत होत्या, "पाहा बाप्पा, पाहा." नामदेव जेवायला आले म्हणून मी वाचले. त्यांनी दगडानं कुलूप तोडलं आणि गुळाचा खडा माझ्या दातांत कोंबला. आईला ते त्या दिवशी पहिल्यांदा टाकून बोलले. पण शेजारणीनं जे पाहिलं ते पाहिलंच होतं. मी गुळासाठी कुलूप ओढते, ही गोष्ट गावभर झाली.

गोळीची बातमी

अशी काही वर्षं गेली. सुई लागत होती, तरी मी चालती-फिरती होते. मग एकदा चांद्याहून नामदेव हसत आले. मी त्यांना इतकं हसताना लग्नातही पाहिलं नव्हतं.

"कमळ, गोळी निंगाली साखरेवर! परदेशातून आली. नागपूरले एका दवाखान्यात देऊन पाहून राह्यले. गोळी लागू पडली का सुई बंद."

आत्याबाई म्हणाल्या, "गोळीवर आली त राहू दे. नाई त तिले बापाकडे पोचव. माह्या पोराचा हात जन्मभर तिच्या मांडीवरच राह्यणार हाय का?"

मला कोणी ढकललं नाही. मलाच जायचं होतं. सुई नको, मडकं नको, अंगणातले दगड नको. मूल गावच्या स्टेशनावरून छोट्या गाडीनं आम्ही नागपूरला गेलो. मांडीवर गाठोडं घेऊन मी सगळी वाट मनात म्हणत होते, लागू पडू दे, लागू पडू दे.

तिथले मोठे डॉक्टर मृदू बोलणारे होते. नखं स्वच्छ, आवाज हळू. माझ्या मांडीवरचे सुयांचे वळ आणि खड्डे पाहून त्यांच्या तोंडून "अरेरे" निघालं, ते मनापासून होतं. म्हणाले, "तुमची ही सुई सोडवू आपण, बाई." त्यांच्यामागे शिकाऊ डॉक्टरांचा घोळका होता. गोळी कोणाला लागू पडते, किती द्यायची, हे त्या काळी तेही शोधतच होते. त्यांनी मला फसवलं असं मी म्हणणार नाही. ती गोळी चालावी अशी त्यांची इच्छा माझ्याइतकीच होती. पुढचं सगळं त्या इच्छेनं झालं.

शेजारच्या खाटेवर चिमूरची एक बाई होती. बांगडीवाल्याची बायको, वयानं आईएवढी, अंगानं भरलेली. तिच्या पायाला जखम होती. नाव जैबुन, सगळे खाला म्हणत. तिलाही तीच पांढरी गोळी सुरू झाली.

खालाची नळी लाल होती ती हिरवी झाली आणि मग निळीच राहू लागली. डॉक्टर शिकाऊंना बोलावून तिची नळी दाखवत. खाला लाजून पदर तोंडावर घ्यायची. "या अल्ला, माह्या मुताची एवढी इज्जत!"

माझी सुई आधी कमी केली, मग बंद केली. गोळी तीच, देणारे हात तेच. पहिला दिवस बरा गेला. त्यानंतर मला तहान लागली.

पाणी

ती तहान मी ओळखत होते. मी सिस्टरला सांगितलं, "हे तसंच होऊन राह्यलं. मले सुई पायजे."

सिस्टरनं डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी नळी पाहिली, लालभडक. ते माझ्याजवळ आले, आवाज हळूच. "बाई, पथ्य पाळलं तर गोळी काम करते. ही शेजारची बाई पाहा. तुम्ही काही खाता का चोरून?"

"नाही."

"नक्की?"

"नाही खात."

ते शिकाऊंकडे वळून इंग्रजीत काही बोलले. एकजण हसला.

त्या दुपारी सिस्टरनं माझी गादी उलटी केली. गाठोडं सोडून लुगडी झटकली. सगळ्या वॉर्डासमोर माझ्या पोलक्यात हात घालून पाहिलं. काही सापडलं नाही. सापडलं नाही याचा अर्थ मी फार हुशार आहे, असा काढला गेला.

मग माझं पाणी बंद केलं. सारखं प्यायची आणि सारखी उठायची म्हणून माठ दाराबाहेर नेऊन ठेवला. घोट-घोट देत. माझी जीभ टाळूला चिकटली. भिंतीचा चुना चाटावा असं वाटे, आणि मी खरंच चाटला. पलीकडच्या खाटांवरच्या बाया पाहत होत्या. एक म्हणाली, "अशी खादाड बाई पाह्यली नाई. भिंतबी सोडत नाई."

खाला रोज मला तिच्या लोट्यातलं पाणी द्यायची. पदराखाली लोटा लपवून माझ्या खाटेवर बसायची आणि पाठ वॉर्डाकडे करायची. "पी बेटी, जल्दी पी." त्या सगळ्या दिवसांत माझ्यावर झालेली दया म्हणजे तो लोटा.

एकदा सिस्टरनं आम्हाला पाहिलं. लोटा तिला दिसला नाही. पदराखालून काहीतरी माझ्या तोंडाला लागलं, एवढंच दिसलं.

"काय दिलंस हिला?"

"पानी," खाला म्हणाली. "अल्ला कसम, पानी."

पण ईद नुकतीच झाली होती, आणि खालाच्या घरचे लोक डबा घेऊन येऊन गेले होते.

कबुली

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर सगळ्या शिकाऊंना घेऊन आले. धर्मशाळेत उतरलेल्या नामदेवांनाही बोलावून घेतलं. माझ्या खाटेभोवती माणसांचं कडं झालं. मला मळमळत होतं, पोटात कळा येत होत्या, श्वास पुरत नव्हता. बसायचं होतं, पण बसता येत नव्हतं.

डॉक्टर नामदेवांना म्हणाले, "तुमची बायको सहकार्य करत नाही. गोड खाते आणि नाकारते. अशानं तिला घरी पाठवावं लागेल."

नामदेव खाली वाकले. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्यात राग नव्हता. कुलूप ओढणारी बायको त्यांना आठवत होती, हे मला दिसलं.

"कमळ, खाल्लं असशीन त सांगून टाक. कोनी रागावनार नाई."

"मी नाही खाल्लं."

"मंग काच लाल काऊन येऊन राह्यली?"

"मले का मालूम?"

"खालाची निळी येते. गोळी तेच हाय. तूच सांग, मी का समजू?"

"पाणी द्या मले."

डॉक्टर म्हणाले, "खरं सांगा, मग पाणी देऊ."

ते शब्द त्यांनी क्रूरपणे उच्चारले नाहीत. लहान मुलाला औषध पाजताना बोलावं तसे उच्चारले. मी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. सगळे वाट पाहत होते. नवराही वाट पाहत होता.

मी म्हणाले, "हो. खाल्ला."

"काय खाल्लंत?"

"गूळ."

"कुठून आणलात?"

इथे मला विचार करावा लागला. खालाचं नाव घेतलं तर तिला काढतील. "गाठोड्यात होता. माहेरचा. संपला."

डॉक्टरांच्या कपाळावरची आठी गेली. अडलेलं गणित सुटावं तसं. शिकाऊंकडे पाहून त्यांनी मान हलवली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "खरं बोललात, बरं केलंत." सिस्टरनं पेलाभर पाणी दिलं. मी ते पिऊन तिथेच ओकले.

नामदेवांनी सुटकेचा श्वास टाकला. तो मला ऐकू आला.

मी खरं बोलत होते तेव्हा गोळीवर शंका घ्यायला जागा होती. मी खोटं बोलले आणि ती जागा बुजली. गोळ्या वाढवल्या. जेवण तोडलं. सुईचं नाव कोणी काढलं नाही.

त्यानंतरचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. छातीवर कोणी जातं ठेवल्यासारखं झालं. खालाचा आवाज येत होता, "सिस्टर! अरे कोनी देखो! पोट्टी मरून राह्यली!" मग काही नाही.

दुसऱ्या जातीचा

जागी झाले तेव्हा हाताला नळी लावलेली होती आणि वर बाटली टांगलेली. खालानं सांगितलं की मोठे डॉक्टर स्वतः धावत आले, सुईवर सुई दिली, जेवायलाही गेले नाहीत. माझ्या खाटेशी स्टूल घेऊन बसून होते. "रातभर हिलले नाई इथून, बेटी," ती म्हणाली. मी हे लिहिते कारण ते खरं आहे. त्यांनीच मला मरणाच्या दारात नेलं आणि त्यांनीच परत आणलं.

बरी झाल्यावर एका सकाळी शिकाऊंचं कडं पुन्हा माझ्याभोवती उभं राहिलं. त्या दिवशी डॉक्टर मराठीत बोलले. "हा मधुमेह दुसऱ्या जातीचा आहे. अशा तरुण, बारीक रोग्याचं शरीर स्वतःचं इन्सुलिन बनवतच नाही. तिथे गोळी चालत नाही. यांची सुई कधीही सोडवायची नाही. लक्षात ठेवा."

सगळ्यांनी लक्षात ठेवलं असेल. माझ्यामुळे पुढे कितीतरी जणी वाचल्या असतील, असं मी स्वतःला सांगते.

मग एका शिकाऊ पोरानं विचारलं, "सर, पण ही गूळही खात होती ना?"

डॉक्टरांनी माझा कागद मिटला. "तेही होतंच," म्हणाले.

मी म्हणाले, "मी नव्हता खाल्ला."

ते पुढच्या खाटेकडे वळले होते. पाठमोरेच म्हणाले, "आराम करा, बाई."

माफी

घरी आल्यावर नामदेवांनी मला माहेरी पाठवलं नाही. आईला स्पष्ट सांगितलं, "सुई मी देईन. ते इथीच राह्यन." कितीतरी नवऱ्यांनी हे केलं नसतं. त्याच दिवशी पिचकारी उकळत ठेवून ते मला म्हणाले, "गुळावरून मी तुले कधी बोलनार नाई. भूक वाईट असते."

"मी खाल्ला नव्हता. पाण्यासाठी बोलले."

"जाऊ दे ना. म्या माफ केलं."

मी पुन्हा पुन्हा सांगितलं. ते पुन्हा पुन्हा माफ करत. भांडता आलं असतं तर बरं झालं असतं. माफ करणाऱ्या माणसाशी भांडताही येत नाही.

आत्याबाईंनी विहिरीवर आणि बाजारात पोटभर सांगितलं. नागपूरच्या दवाखान्यात गूळ चोरून खाल्ला, मरता मरता वाचली, डॉक्टरांपुढे कबूल झाली. चामोर्शीच्या बाजारात ते माझ्या बाच्या कानावर गेलं. त्यानं मला काही विचारलं नाही. पुढच्या खेपेला येताना मात्र त्यानं माझ्यासाठी काहीच खायला आणलं नाही. आधी तो निदान शेंगा आणायचा.

सुमन

सावलीच्या पलीकडच्या टोल्यावर, म्हणजे लहान वस्तीवर, गणपतभाऊ म्हणून शेतकरी आहेत. त्यांची पोरगी सुमन तहानेनं वाळत चालली तेव्हा ते तिला माझ्याकडे घेऊन आले. मी तिच्या तोंडाचा वास घेतला आणि लगेच तिला चांद्याला न्यायला लावलं. पोरगी वाचली. सुई कशी उकळायची, मडक्यात वाळू किती ओली ठेवायची, सगळं मी तिच्या मायला शिकवलं. सुमन मला मावशी म्हणू लागली. तिला दोरीवरच्या उड्या आवडायच्या, सुई टोचली की त्याच पायावर उडी मारून दाखवायची.

ती लग्नाची झाली आणि गणपतभाऊंनी कोणाकडून तरी गोळ्या आणल्या. गोळी आता मिळू लागली होती. खालासारखी पुष्कळ माणसं तिच्यावर सुखानं जगत होती, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. सुई घेणारी पोरगी कोण करणार? त्यांनी सुई बंद केली.

मला कळलं तेव्हा मी टोल्यावर धावत गेले. सुमन ओसरीवर आडवी पडली होती. श्वास तोच, वास तोच.

"गणपतभाऊ, ही गोळी हिच्यासाठी नाही. आत्ता सुई द्या. मी माझी कुपी आणली आहे."

"गोळी चांगली हाय, बाई. हेच चोरून साखर खाते."

"ती खात नाही. मला असंच झालं होतं. मीही खाल्लं नव्हतं."

"तुमी त कबूल झाल्या होत्या. साऱ्या गावाले मालूम हाय."

"मी खोटं बोलले होते."

"तवा खोटं बोल्ल्या," गणपतभाऊ म्हणाले, "का आता बोलून राह्यल्या?"

मी पिचकारी काढली तर त्यांनी माझं मनगट धरलं. जोरानं धरलं नाही, पण सोडलंही नाही. सुमनची माय दारात उभी राहून रडत होती. मी नामदेवांना बोलावून आणलं. ते गणपतभाऊंशी बोलायला लागले, पण माझ्या गुळाचं निघताच ते अडखळले, आणि गणपतभाऊंना तेवढं पुरलं.

शेवटी त्यांनी पोरीला गाडीत घातलं, तोवर उशीर झाला होता. गाडी मूल गावापर्यंतसुद्धा पोचली नाही.

धानाची रोवणी उरकल्यावर एका सकाळी गणपतभाऊ आमच्या अंगणात आले. मी पातेलं उकळत बसले होते. ते जमिनीवर उकिडवे बसले.

"बाई, एक इचारतो. खरं सांगा. आता काई उरलं नाई, म्हनून सांगा. तुमी खाल्ला होता का नाई?"

"नाही, भाऊ."

"मंग कबूल काऊन झाल्या?"

"तहान लागली होती. कबूल झाले तर पाणी देतो म्हणाले."

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हातांच्या आडून आवाज आला.

"सुमनबी कबूल झाली होती, बाई. म्या काठी उचलली तवा."